दोन्ही काठांचे टिपके

पुण्याच्या प्राध्यापक उपासनींचं पत्र खांबेमामांना तोंडपाठ होतं. उत्तर मात्र त्यांनी कधी पाठवलं नव्हतं. सत्त्याहत्तर सालच्या मार्चमध्ये ते निळं आंतर्देशीय पत्र आलं, तेव्हा पत्त्यात 'जिल्हा कुलाबा' होतं. पुढे जिल्ह्याचं नाव बदलून रायगड झालं, मामा निवृत्त झाले, बायको गेली, मुलगी मंजुळा मुंबईला नांदायला गेली. पत्र ट्रंकेच्या तळाशी, बायकोच्या दोन लुगड्यांखाली तसंच राहिलं.

'प्रिय खांबे सर,' उपासनींनी लिहिलं होतं, 'आपण पाठवलेलं चित्र पाहून फार आनंद झाला. उमरठच्या ओढ्यातला हा डायाटम माझ्या ओळखीचा नाही. अशा डायाटममध्ये टिपक्यांची ओळ एकाच काठाला असते. आपण ती दोन्ही काठांना दाखवली आहे. हे खरं असेल, तर जात नवी आहे. एकच विचारतो. भिंगाखाली दोन्ही ओळी एकाच वेळी स्पष्ट दिसतात का? की एक स्पष्ट झाली की दुसरी पुसट होते? पुन्हा पाहून कळवावं. घाई नाही.'

'घाई नाही' हे दोन शब्द मामांनी नऊ वर्षं पुरवून पुरवून वापरले.

पत्रात सगळ्यात आधी टोचला तो 'सर' हा शब्द. मामा सर नव्हते. महाडच्या हायस्कुलात ते प्रयोगशाळेचे परिचर होते, म्हणजे परीक्षानळ्या धुणारे, बेडूक आणणारे, ॲसिडच्या कपाटाची किल्ली कंबरेला लावणारे. पोरं त्यांना 'मामा' म्हणत आणि शिक्षक 'अरे गणपत'. पण शाळेचा सूक्ष्मदर्शक पुसता पुसता त्यांना त्याच्यात डोकावायची सवय लागली, आणि एका बदलून गेलेल्या बाईंनी मागे टाकलेलं इंग्रजी पुस्तक त्यांनी शब्दकोश मांडीवर घेऊन तीन वर्षांत वाचलं. पहिला थेंब त्यांनी भिंगाखाली ठेवला तो चवदार तळ्याच्या पाण्याचा. त्यांचे वडील, धोंडू, सत्तावीस साली ते पाणी ओंजळीने प्यायले होते. हे मामांनी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय त्यात, असं त्यांना बहुतेक गोष्टींबद्दल वाटे.

डायाटम म्हणजे पाण्यातल्या दगडावर जो तपकिरी बुळबुळीत थर असतो ना, त्यातला एकेक कण. जीव केवढा, तर सुईच्या टोकावर शेकड्यांनी मावतील. पण प्रत्येकाला काचेचं कवच. कवचाचे दोन भाग, कुंकवाच्या करंड्यासारखे, एक डबी आणि तिच्यावर बसणारं झाकण. त्या काचेवर रेघा, टिपके, खाचा असतात, आणि त्यांवरून जात ओळखायची. मामांना या गोष्टीचं वेड लागलं ते तिच्या नीटनेटकेपणामुळे. माणसांत त्यांना कधी नीट बोलता आलं नाही. इथे बोलायचं नव्हतं, नुसतं मोजायचं होतं.

मग एका मासिकात उपासनींचा लेख आला. कोकणातल्या ओढ्यांमधले डायाटम ते गोळा करत होते. वाचकांनी आपल्या भागातले नमुने, जमल्यास चित्रासह, पाठवावेत असं आवाहन होतं. मामांची थोरली बहीण सुंदराबाई पोलादपूर तालुक्यात उमरठच्या वाडीत दिलेली. तिच्या घराखालच्या पऱ्यातला, म्हणजे लहानशा ओढ्यातला, थर मामांनी खरवडून आणला. त्यात तो दिसला: लांब, अरुंद, दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला, आणि दोन्ही काठांना टिपक्यांची एकेक ओळ. पुस्तकातल्या कुठल्याही चित्रात तसा नव्हता.

चित्र त्यांनी शाळेच्या छापील कागदावर काढलं. चांगला कागद तेवढाच होता, हे खरं. खाली 'ग. धों. खांबे, विज्ञान विभाग' असं लिहिलं, तेही खोटं नव्हतं. पण लिहिताना हात जरा थांबला होता, हे त्यांना आठवत होतं.

आणि दुसरं एक आठवत होतं. भिंग खालीवर करताना एका काठाचे टिपके स्पष्ट झाले की दुसऱ्या काठाचे पुसट होत. उपासनींनी विचारलं नेमकं तेच. भिंग जुनं आहे, आरसा वाकडा आहे, अशी मामांनी त्या वेळी स्वतःची समजूत घातली. आधी दुसरी ओळ त्यांनी पेन्सिलीने फिकी काढली होती. नंतर काळी शाई घेऊन दोन्ही ओळी सारख्याच ठळक केल्या.

पत्राला 'होय' असं उत्तर देणं म्हणजे खोटं बोलणं. 'नाही' म्हणणं म्हणजे नवी जात गेली, आणि 'सर' गेले. मामांनी दोन्ही केलं नाही. नऊ वर्षांत ते भाऊबीजेला, बहिणीच्या आजारपणाला कितीदा तरी उमरठला गेले. पण पऱ्याकडे पाठ करून ओटीवर बसत.

शहाऐंशीच्या जानेवारीत बुकपोस्टाने एक पातळ पुस्तिका आली. कोकणातल्या गोड्या पाण्यातल्या डायाटमची यादी, संकलक प्रा. उपासनी. मामांनी चष्मा पुसून शेवटचं पान उघडलं. तिथे 'शंकास्पद नोंदी' अशा मथळ्याखाली पाच ओळी होत्या, आणि चौथी अशी: 'उमरठ, जि. रायगड. दोन्ही काठांना टिपके असलेला प्रकार. निरीक्षक: श्री. ग. धों. खांबे, विज्ञान शिक्षक, महाड. अधिक माहितीची वाट आहे.' सोबत छापील चिठ्ठी होती. सुधारित आवृत्ती एप्रिलमध्ये छापायला जाणार, दुरुस्त्या मार्चअखेर कळवाव्यात.

मामांनी ती ओळ किती वेळा वाचली असेल, कोण जाणे. त्यांचं नाव जन्मात प्रथमच छापून आलं होतं, आणि ते असं. पुस्तिका कुणाला दाखवायची सोय नव्हती. शेजारच्या जानकीबाईला दाखवली असती, तर तिने वाडीभर सांगितलं असतं की आमचे भाऊ शिक्षक होते म्हणे!

दोन दिवस त्यांनी असा विचार केला: राहू दे. शंकास्पद म्हटलंयच. ते शेवटचं पान वाचतं कोण? तिसऱ्या दिवशी त्यांना वाटलं, कुणीतरी वाचेल. आपल्यासारखाच एखादा, शब्दकोश मांडीवर घेऊन. तो उमरठला जाईल, दगड खरवडेल, सापडत नाही म्हणून स्वतःच्याच डोळ्यांवर अविश्वास दाखवेल. हा माणूस मामांना इतका ओळखीचा वाटला की त्यांनी पिशवी काढली, दोन बाटल्या आणि जुना दात घासायचा ब्रश तिच्यात टाकला आणि पोलादपूरची एसटी धरली.

सुंदराबाई अंगणात नाचणी पाखडत होती.

"आलास? सणवार नाय, काय नाय, मधीच?"

"पऱ्यावर जायचंय अक्का."

सुंदराबाईने सूप खाली ठेवलं. "अगो आनंदीबाई!" ती वरच्या अंगाला ओरडली. "माझा भाव आलाय गो महाडवरना, तुमच्या धुन्याच्या दगडावरचा मळ न्यायाला!"

"नेऊ दे की," वरून आवाज आला. "सगलाच ने म्हणावं. पाय घसरत्यात आमचं."

मामा ओशाळून हसले आणि खाली उतरले. पऱ्याचं पाणी आता घोट्याएवढंच होतं. गुडघे दुखत असताना उकिडवं बसून त्यांनी सात दगड खरवडले आणि बाटल्यांत तपकिरी पाणी भरलं. वर आले तेव्हा सुंदराबाईने कुळथाची पिठी आणि भाकरी वाढून ठेवली होती.

"मागं न्हेलं व्हतंस तवा काय तरी नवं गावलं बोललास," ती म्हणाली. "मग परत कशाला?"

"ते नवं आहे का नाही, ते बघायला."

"नऊ वरसानी?"

मामा भाकरी मोडत राहिले.

"तू ल्हानपनापासना असाच," सुंदराबाई म्हणाली. "बानं इचारलं मडकं कुनी फोडलं, तर तू तीन दिस जेवला नायस. सांगून टाकलं असतंस तर एक थोबाडीत बसली असती आन् मोकला झाला असतास. जेव आता."

टिपक्यांची परीक्षा सोपी होती. करंड्याची डबी आणि झाकण वेगवेगळं करून एकेक अर्धं पाहायचं. अर्ध्यालाही दोन्ही काठांना टिपके असले, तर जात नवी. आणि एकाच काठाला असले, तर दुसरी ओळ मुळात खालच्या अर्ध्याची होती. काचेतून आरपार दिसली आणि मामांनी ती वरच्याच्या नावावर मांडली. अर्धे वेगळे करायला तो गाळ कडक ॲसिडमध्ये चांगला उकळावा लागतो. सत्त्याहत्तर साली मामांनी तो जेमतेम गरम केला होता. शाळेचं ॲसिड मोजून मापून वापरायचं, ही सवय हाडात मुरलेली. आता तर ॲसिडच नव्हतं, आणि ही अडचण मामांना मनातून बरी वाटत होती.

पण बिरवाडीला पांडू होता. शाळेत पाचव्या बाकावर बसणारा पांडू आता एका रसायनाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला लागला होता आणि तिघांत मिळून भाड्याच्या खोलीत राहत होता. मामा रविवारी गेले तर तो दाराशी दाढी करत बसलेला.

"मामा! या या. अरे महादू, उठ, खाट खाली कर. माझे मामा आले." मग मामांचं काम ऐकून त्याचा वस्तरा गालावरच थांबला. "ॲसिड? मामा, तुम्ही आम्हाला त्या कपाटाच्या सावलीलासुद्धा उभं करत नव्हता. एकदा मी नुसता बूच हुंगला तर काय कान पिळलात!"

"म्हणून तुला कान आहेत अजून."

महादू खो खो हसला.

"किती पाहिजे?"

"कपभर."

"चहाच्या कपाने का बशीने?" पांडूने वस्तरा धुतला. "साहेबांना विचारून आणतो, चोरून नाही. शाळेसाठी आहे सांगू ना?"

"नको," मामा म्हणाले. "शाळेचं नाव नको. माझ्यासाठी आहे म्हण. म्हाताऱ्याला छंद आहे म्हण."

चार दिवसांनी पांडूने जाड काचेची छोटी बाटली आणून दिली, आणि वर दटावलं, "मामा, पाण्यात ॲसिड, ॲसिडात पाणी नाही." हे वाक्य मामांनीच त्याला शिकवलं होतं.

दुपारी वारा घराकडून शेताकडे वाहायला लागला, तेव्हा मामांनी परसात स्टोव्ह पेटवला. वाफ निघाली तशी जानकीबाई पदर नाकाला लावून कुंपणाशी आली.

"भाऊ, काय शिजवताय म्हणायचं हे?"

"दगडावरचा मळ."

"खायचाय?"

"नाही हो. बघायचाय."

"वैनी असत्या तर स्टोव्हच उचलून नेला असता," जानकीबाई म्हणाली आणि निघून गेली. ते खरंच होतं. सत्त्याहत्तरला बायकोने स्टोव्ह नेला नव्हता, पण मामांनी शाई घेऊन ते चित्र ठळक केलं तेव्हा ती मागे उभी होती. 'झालं का मनासारखं?' एवढंच तिने विचारलं होतं. तिला काही कळलं होतं का, हे मामांना आजतागायत ठरवता आलं नव्हतं, आणि आता विचारणार कोणाला?

उकळून झाल्यावर धुणं आलं. गाळ तळाशी बसू द्यायचा, वरचं ओतायचं, स्वच्छ पाणी घालायचं, पुन्हा बसू द्यायचा. ऊर्ध्वपातित पाणी आणायचं कुठून? एसटी स्टँडजवळच्या गॅरेजमधून मामांनी गाडीच्या बॅटरीत घालायचं पाणी आणलं. पाच दिवस हे चाललं. पाचही दिवस मामांना बरे गेले. काही ठरलेलं नव्हतं, आणि हाताला काम होतं.

सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी सूक्ष्मदर्शक खिडकीत मांडला. निवृत्तीच्या वेळी मुख्याध्यापकांनी तो शाळेच्या निकामी सामानातून काढून त्यांना दिला होता. आरसा फुटलेला होता, म्हणून मामांनी दाढीच्या आरशाचा तुकडा कापून बसवला होता. पातळ काचेवर थेंब वाळवला, बाल्सम या चिकट राळेचा ठिपका लावून ती काचपट्टीवर चिकटवली, आणि डोळा लावला.

आधी चुरा दिसला. मग नावेसारखे, चंद्रकोरीसारखे ओळखीचे कितीतरी. मग तो. लांब, अरुंद, टोकांना निमुळता. अखंड होता: दोन्ही काठांना टिपके. त्यांनी चाक केसभर फिरवलं. डावी ओळ उजळली, उजवी विरली. केसभर परत. उजवी आली, डावी गेली. एकाच वेळी दोन्ही, असं कधीच नाही. नऊ वर्षांपूर्वीही असंच होतं.

तेवढ्याने भागत नव्हतं. त्यांनी पट्टी हळूहळू सरकवली. आणि एका कोपऱ्यात तो उघडा सापडला. डबी आणि झाकण सुटून एकमेकांपासून थोडं दूर पडलेलं, जसं कुणी कुंकू लावून करंडा तसाच उघडा टाकून जावं. एका अर्ध्याला एका काठाला टिपके. दुसऱ्यालाही एकाच काठाला. दुसरा काठ दोन्हींचा साफ, गुळगुळीत.

मामांनी विश्वास ठेवला नाही. दुसरा सुटा अर्धा शोधला, तिसरा शोधला. दुपार होईपर्यंत त्रेचाळीस पाहिले. त्रेचाळिसांना एकच ओळ.

मग ते उठले नाहीत. जेवण राहिलं. नवी जात नव्हती. उमरठच्या पऱ्यात जे होतं ते पुस्तकात आधीपासून होतं, नावानिशी. पण त्यांना वाटलं होतं तसं छातीत काही कोसळलं नाही. नुसतं सगळं फार शांत वाटलं, पाहुणे निघून गेल्यावर घर वाटतं तसं. इतकी वर्षं त्या चित्रातल्या डायाटमबरोबर ते राहिले होते. पत्र आलं नाही, मंजुळेचा फोन शेजारच्या दुकानात आला नाही, त्या दिवसांत सुद्धा मनात कुठेतरी ते होतं की उमरठला आपलं एक काहीतरी आहे. ते नव्हतं.

आणि भिंगाखाली जे होतं ते मात्र सुंदर होतं. खोटं चित्र काढण्याच्या घाईत त्यांनी हे खरं कधी नीट पाहिलंच नव्हतं. टिपके सारख्या अंतरावर, पण अगदी मधोमध दोन टिपक्यांमध्ये जरा जास्त जागा, आणि तिथेच काठाला नखाने दाबल्यासारखी हलकी खाच. आडव्या रेघा इतक्या बारीक की आहेत असं म्हणेपर्यंत नसल्यासारख्या व्हायच्या. मामांनी कागद ओढला आणि मोजायला सुरुवात केली.

पत्राचे तीन खर्डे झाले. पहिल्यात दोष जुन्या भिंगाचा होता. दुसऱ्यात अपुऱ्या ॲसिडचा. दोन्ही फाडले. तिसरं लिहायला मार्च उजाडला. वीस तारखेला तळ्यावर दरवर्षीसारखी माणसं लोटली होती. मामा सकाळी तिथे जाऊन आले, गर्दीच्या कडेला उभे राहिले, घरी येऊन हातपाय धुतले आणि लिहायला बसले.

'सादर नमस्कार. आपल्या २२ मार्च १९७७ च्या पत्राचं हे उत्तर. आपण विचारलं होतं, दोन्ही ओळी एकाच वेळी स्पष्ट दिसतात का. दिसत नाहीत. तेव्हाही दिसत नव्हत्या. हे मला त्याच वेळी दिसलं होतं, तरी मी चित्रात दोन्ही ओळी सारख्या ठळक केल्या. हा दोष भिंगाचा नाही, माझा आहे.

कवच उकळून सुटं केलं. त्रेचाळीस सुटे अर्धे पाहिले. प्रत्येकाला टिपके एकाच काठाला. जोडीच्या अर्ध्याला समोरच्या काठाला. लांबी ७८ ते ११० मायक्रॉन, रुंदी ५. टिपके दहा मायक्रॉनमध्ये ११, क्वचित १२. मधल्या दोन टिपक्यांत अंतर जास्त, तिथे काठाला खाच. आडव्या रेघा माझ्या भिंगाने मोजता येत नाहीत, म्हणून आकडा देत नाही. टोकं किंचित फुगीर. माझ्या मते ही नेहमीची नित्शिया लिनिॲरिस आहे. नवी नाही. काचपट्टी सोबत पाठवत आहे, आपण पाहून घ्यावं.

यादीत माझ्या नावापुढे विज्ञान शिक्षक असं छापलं आहे. मी शिक्षक नव्हतो. प्रयोगशाळेत परिचर होतो. आपला गैरसमज माझ्या सहीमुळे झाला आणि मी तो राहू दिला. उमरठची नोंद काढून टाकावी, किंवा साध्या जातीत घ्यावी. नाव घातलं नाही तरी चालेल.

उत्तराला नऊ वर्षं लागली. आपण घाई नाही असं लिहिलं होतं, पण त्याचा अर्थ असा नव्हता हे मला समजतं.'

खाली सही केली, ग. धों. खांबे, आणि त्यापुढे काही लिहिलं नाही.

काचपट्टी कापसात गुंडाळून त्यांनी औषधाच्या खोक्यात ठेवली, पत्र घडी करून वर घातलं, खोकं सुतळीने बांधलं. पोस्टात रजिस्टरच्या खिडकीशी चंदू होता. त्याने खोकं हलवून पाहिलं.

"काय आहे मामा आत?"

"हलवू नकोस. काच आहे."

"काच फुटेल."

"कापूस आहे."

"मग काचेवर काय आहे? फोटो?"

"आहे एक," मामा म्हणाले. "दिसत नाही डोळ्यांनी."

"दिसत नाही ते पुण्याला पाठवताय!" चंदू हसला, पण त्याने खोकं अलगद तराजूवर ठेवलं, तिकिटं चिकटवली आणि दोनदा शिक्का मारला. पावती फाडून दिली.

"कधी पोचेल?"

"परवा. फार तर तेरवा."

मामा खिडकीशी तसेच उभे राहिले. चंदूने मान वर केली. "अजून काही टाकायचंय?"

"नाही," मामा म्हणाले. चंदूने खोकं मागच्या खाकी थैलीत ठेवलं. वरून आणखी चार पाकिटं पडली, आणि त्याने थैलीचं तोंड दोरीने आवळून बांधलं.